प्योसरांच्या आळशी दोऱ्या

त्या रविवारी संध्याकाळी तोंगयंगच्या धक्क्यावर प्योसरांच्या बायकोला शिडाने गिळलं.

‘गिळलं’ हा शब्द मिरानचा, म्हणजे त्या बायकोचाच. प्योसरांचं म्हणणं एवढंच, की शीड तिच्या अंगावर अलगद उतरलं. पण बघणारे पुष्कळ होते, आणि वेळ आली असती तर धक्क्यावर आइस्क्रीम खात फिरणाऱ्या त्या सगळ्या गर्दीने मिरानच्याच बाजूने साक्ष दिली असती.

प्यो मानसू हे मुलींच्या माध्यमिक शाळेचे उपमुख्याध्यापक. उभं आयुष्य त्यांनी तंत्र आणि गृहशास्त्र शिकवण्यात घालवलेलं. गावातल्या निम्म्या बायकांनी त्यांच्या हाताखाली एकेक डुगडुगतं स्टूल आणि एकेक ॲप्रन केलेला होता, त्यामुळे ते गावाचेच प्योसर. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली. माणसं या वयात डोंगर चढायला लागतात, गोल्फ खेळायला लागतात, तसं यांनी हे केलं. बोट चालवायला ते बऱ्यापैकी शिकले. शीड चढवायलाही शिकले. अडायचं ते उतरवताना. दोरी सैल सोडली की मोठं शीड डोलकाठीवरून भसकन खाली येतं, आणि ते कुठे पडावं यावर माणसाचा काही म्हणजे काही ताबा राहत नाही. ते वारा नेईल त्या बाजूला पडतं. आणि वारा नेहमी मिरान बसली असेल त्या बाजूला वाहायचा.

त्या दिवशी तिच्याबरोबर चर्चच्या गायनवर्गातल्या दोन मैत्रिणी होत्या. तिघी मिळून नासपती सोलत होत्या, मध्ये तिखट माकुळाचा डबा उघडा होता. शीड आलं आणि तिघीही दिसेनाशा झाल्या. कापडाखाली खूप हालचाल झाली, आणि आतून कुणीतरी प्रार्थना म्हणायला लागल्याचं प्योसरांना स्पष्ट ऐकू आलं. शीड ओढून काढलं तेव्हा माकुळाचा लाल मसाला शिडाला, मिरानच्या पांढऱ्या ब्लाउजला आणि एका मैत्रिणीच्या चष्म्याला सारखाच वाटला गेला होता.

मिरान ओरडली नाही. ओरडली असती तर प्योसरांना बरं वाटलं असतं. तिने डबे गोळा केले, धक्क्यावर उतरून बूट घातले आणि हळू आवाजात म्हणाली, “अहो, तुमची बोट तुम्हाला लखलाभ. शीड अंगावर पडणार नाही असं मी डोळ्यांनी बघेन, तेव्हाच आता त्यात पाय ठेवीन.”

आता बायको नुसती रुसली असती तर प्योसरांनी दम धरला असता, तेवढा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पण या प्रकरणात सासूबाई होत्या. सासूबाईंचं माहेर योकजी बेटावर. त्यांचा मोठा भाऊ अजून तिथे रताळी लावतो. बेटावर रोज फेरीबोट जाते, पण तिच्या तेलाच्या वासाने सासूबाईंच्या पोटात असं काही ढवळतं, की गेली कित्येक वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. बोट घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा प्योसरांनी हाच हुकमी पत्ता टाकला होता: आईंना शिडावर माहेरी नेऊ, ना इंजिन ना वास. त्या एका वाक्यावर मिरान कबूल झाली होती, आणि म्हातारीने तेव्हापासून भावासाठी लोकरीचा बंडीसारखा स्वेटर विणायला घेतला होता. आता स्वेटर पुरा झाला होता, बेटावर नवी रताळी निघायला लागली होती, आणि सासूबाई म्हणत होत्या की जावईबापू चांगलेच आहेत, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही, पण समुद्रावर मुलगी जवळ असल्याशिवाय मी जायची नाही. म्हणजे सगळं येऊन टेकलं शिडावर.

यावर इलाज आहे हे प्योसरांना कळलं शेजारच्या बोटवाल्याकडून. डोलकाठीच्या मधल्या उंचीवर दोन्ही बाजूंना एकेक लहान कप्पी बसवायची. तिथून दोऱ्या खाली आणायच्या, त्यांना फाटे फोडायचे आणि ते फाटे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला दोन्हीकडून बांधायचे. झाली झोळी. शीड सोडलं की इकडे नाही तिकडे नाही, दोऱ्यांच्या मधोमध घड्या पडत दांड्यावर येऊन बसतं. कुणी धरायला नको, कुणी आवरायला नको. म्हणूनच जगभरचे खलाशी त्यांना आळशी दोऱ्या म्हणतात.

हे नाव पुढे फार महागात पडलं. शिक्षकांच्या खोलीत प्योसरांनी उत्साहाने दोऱ्यांची गोष्ट सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी शाळाभर झालं की उपमुख्याध्यापक काहीतरी आळशीपणाचं करताहेत. ज्या माणसाने वर्षानुवर्षं सकाळच्या सभेत आळसाविरुद्ध भाषणं दिली, त्याची यावर बोलायची पंचाईत होते. मुख्याध्यापकांनी त्यांना बाजूला घेऊन मायेने विचारलं, की प्रकृती बरी आहे ना.

बुसानहून कारागीर बोलावता आला असता. पण ज्याने हजारो मुलींना लाकूड, धागा आणि मोजपट्टी शिकवली, त्याने दोन कप्प्या आणि चार दोऱ्यांसाठी परका माणूस बोलवायचा म्हणजे काय. प्योसरांनी शीड काढून घरी आणलं, कारण दोऱ्यांची मापं घ्यायची तर शीड पूर्ण पसरून घ्यायला हवीत, आणि त्यांचं शास्त्र कच्चं काम खपवून घेत नसे. बैठकीच्या खोलीत शिडाचा एक कोपराच मावला. म्हणून त्यांनी ते इमारतीच्या खाली बॅडमिंटनच्या अंगणात नेऊन पसरलं.

त्यांच्या वसाहतीत प्रत्येक घराच्या छताला एक भोंगा बसवलेला आहे. देखभाल कचेरीला काही सांगायचं झालं की तो बोलतो, आणि तो बंद करायची सोय घरात नाही. प्योसर गुडघ्यांवर बसून फीत लावत असताना चारही इमारतींतल्या सगळ्या घरांत भोंगा एकदम बोलला. कचेरीतर्फे नम्र विनंती करण्यात आली, की ज्या रहिवाशाने बॅडमिंटनच्या अंगणात भलामोठा तंबू ठोकला आहे त्याने तो हलवावा, वसाहतीत मुक्काम करण्यास मनाई आहे. तंबू ऐकल्यावर तो बघायला सगळे खाली आले.

आणि खाली आले ते सल्ला घेऊनच आले. महिला मंडळाच्या अध्यक्षा बांगबाईंनी शिडाचं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं आणि हा मसाल्याचा डाग आधी मिठाच्या पाण्यात भिजवायला हवा होता असं सांगितलं. दोऱ्या कशाला हव्यात हे त्यांना समजेना. किमचीचा कोबी येतो त्या जाळीच्या मोठ्या पिशव्या शिवून जोडल्या की काम झालं, त्यांच्याकडे तशा पुष्कळ आहेत. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले ग्वाकसाहेब वरच्या मजल्यावर राहत. त्यांनी प्योसरांच्या हातातली दोरी काढून घेतली आणि पॅराशूटची गाठ कशी मारतात ते दाखवायला सुरुवात केली. ती गाठ इतकी पक्की होती की नंतर ती त्यांनाही सुटेना. ते ती दोरी घरी घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी सोडवून देतो म्हणाले, आणि पुढे जिन्यात प्योसर दिसले की लिफ्टमध्ये शिरायला लागले. बाकीच्यांचं सरळ म्हणणं होतं, की बायकोला थोडं बाजूला बसायला सांगा. हे मिरानने खिडकीतून ऐकलं. तिने खिडकी लावून घेतली.

मापं झाली, दोऱ्या कापल्या. आता कप्प्या बसवायला डोलकाठीवर चढायचं, आणि इथे बंदराच्या कचेरीशी गाठ पडली. तिथले योम नावाचे कारकून फार सभ्य होते. नाही हा शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडत नसे. ते म्हणाले, सर, तुम्ही खुशाल चढा, बोट तुमची, डोलकाठी तुमची. फक्त उंचावरचं काम म्हटलं की खाली एक सुरक्षा देखरेख करणारा माणूस उभा हवा. प्योसरांनी सांगितलं की मेहुणा उभा राहील. योम म्हणाले की छानच, फक्त त्या मेहुण्याचं उंचावरच्या कामाचं सुरक्षा प्रशिक्षण झालेलं हवं.

मेहुणा गिचुल, मिरानचा धाकटा भाऊ. बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान. अंगाने भरलेला, मनाने मोकळा आणि खुर्चीवर चढून बल्ब बदलायला घाबरणारा. पण दाजींसाठी आणि त्याहून जास्त आईच्या माहेरासाठी तो तयार झाला. दुकानाला कुलूप लावून तो एका सभागृहात परांची बांधणाऱ्या मजुरांबरोबर दिवसभर बसला, उंचावरून कलिंगड कसं फुटतं याची चित्रफीत त्याने पाहिली आणि फोटो लावलेलं प्रमाणपत्र घेऊन परतला. ते त्याने दुकानात टांगलं, डोळे तपासायच्या पाटीच्या शेजारी. त्या दिवसापासून गिचुल बदलला. पिवळं शिरस्त्राण त्याच्या डोक्यावरून उतरेना. प्योसर धक्क्यावर नुसते बुटाची नाडी बांधायला वाकले तरी तो मागून म्हणायचा, “दाजी, गुडघे वाकवा, कंबर नको.”

ठरल्या दिवशी प्योसर कापडी झोळीच्या खुर्चीत बसले आणि गिचुलने बोटीवरच्या चक्राचा दांडा फिरवून दोरी गुंडाळत त्यांना वर चढवलं. कंबरेला ड्रिल बांधलेलं होतं. हे ड्रिल वसाहतीच्या देखभाल कचेरीतून मागून आणलेलं, तंबूचं प्रकरण मिटवताना व्यवस्थापकांशी नवी सोयरीक झाली होती त्या जोरावर. वर हवा सुंदर होती. समोर सगळी बेटं पसरलेली, खाली बंदर, आणि बाजारापर्यंत सगळं गाव. एका बाजूची कप्पी बसली. प्योसरांना वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं जमिनीवर काढली.

तेवढ्यात नूडल्स आल्या. गिचुलने काम सुरू करायच्या आधीच काळ्या डाळीच्या नूडल्स मागवून ठेवल्या होत्या, आणि आमच्याकडे त्या धक्क्यावर काय, समुद्रात उभ्या माणसालाही पोचवतात. स्कूटरवाला दोन वाट्या ठेवून गेला. गिचुलने वर बघितलं, नूडल्सकडे बघितलं आणि दोरी खुंटीला घट्ट गुंडाळली.

“दाजी, फुगतील,” तो म्हणाला. “तुम्ही चालू ठेवा, मी इथेच आहे.”

कामगार जेवत असताना दोरीला हात लावायचा नाही हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, असं त्याने नंतर शपथेवर सांगितलं. प्योसर वर लटकत राहिले. ओरडावं तर गावात ऐकू जाईल, आणि न ओरडावं तर दुसरी वाटीही हा संपवेल, अशा पेचात ते असताना धक्क्यावरून त्यांच्याच शाळेच्या मुलींचा एक घोळका आला. मुली थांबल्या. शाळेत शिस्त कडक, वडीलधाऱ्यांना जिथे दिसतील तिथे वाकून नमस्कार करायचा हे प्योसरांनीच बिंबवलेलं. पण गुरुजी डोक्यावर असताना वाकायचं कुठे? मुलींनी आधी आपसांत विचार केला. मग सगळ्याजणींनी माना वर करून त्यांना नीट बघितलं आणि एका सुरात, “सर, नमस्कार,” म्हणून खाली जमिनीकडे वाकल्या. प्योसरांनी प्रतिनमस्कार केला. वाकताना कमरेचं ड्रिल निसटलं, दांड्यावर एकदा आपटलं आणि समुद्रात गेलं.

त्या संध्याकाळपासून भोंगा रोज बोलायला लागला. ज्या रहिवाशाने कचेरीचं ड्रिल नेलं आहे त्याने ते परत करावं. नाव घेतलं जात नव्हतं. नाव घ्यायची गरजच नव्हती. जेवताना छतातून आवाज आला की मिरान भाजीची वाटी पुढे सरकवायची आणि प्योसर खाली बघून जेवायचे. त्यांनी नवीन ड्रिल आणलं, जुन्यापेक्षा चांगलं. दुसरी कप्पी बसवून झाल्यावर ते पुसून कचेरीत नेऊन दिलं. व्यवस्थापकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. हे आमचं ड्रिल नाही, ते म्हणाले. आमच्यावर हिरव्या रंगाने वसाहतीचं नाव लिहिलेलं होतं. जे आमचं नाही ते आम्ही कसं घेणार. प्योसरांनी बरंच समजावलं, शेवटी ड्रिल टेबलावर ठेवून ते चालते झाले. संध्याकाळी भोंग्याने सांगितलं, की कचेरीत एक अनोळखी नवं ड्रिल सापडलं आहे, मालकाने ओळख पटवून न्यावं, आणि ज्या रहिवाशाने कचेरीचं ड्रिल नेलं आहे त्याने ते परत करावं. मिरानला हसू फुटलं. ते दाबायला ती स्वयंपाकघरात गेली खरी, पण प्योसरांना ते ऐकू आलं, आणि कित्येक दिवसांत प्रथमच त्यांना भात गोड लागला.

दोऱ्या लागल्या. दोन्ही बाजूंना सतारीच्या तारा ताणाव्यात तशा दिसत होत्या. प्योसरांनी धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच शीड चढवून बघायचं ठरवलं, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की त्यांनी सगळा विचार उतरवण्याचा केला होता, चढवण्याचा नाही. शीड ताठ राहावं म्हणून त्याच्या शिवणीत चपट्या पट्ट्या घातलेल्या असतात, त्यांची टोकं कडेला जराशी बाहेर येतात. शीड वर जाताना पहिल्याच पट्टीचं टोक आळशी दोरीत अडकलं. सोडवलं, तर दुसरीचं दुसऱ्या बाजूला. बोटीचं नाक बरोबर वाऱ्याच्या तोंडावर धरलं तरच शीड मधोमध उभं राहतं आणि दोऱ्यांमधून निमूट वर जातं, जरा कुठे तिरकं झालं की फसलं. प्योसर हा धडा घरी जेवताना मोठ्याने पाठ करायचे. वाऱ्याला नाक, मग शीड. वाऱ्याला नाक, मग शीड. मिरान टीव्हीचा आवाज वाढवायची.

मग ती एकदा स्वतःहून आली. हातात छत्री, अंगात पावसाळी कोट, आकाश निरभ्र. धक्क्यावरच्या बाकावर बोटीपासून चांगली लांब बसली. प्योसरांनी वाऱ्याला नाक धरून शीड चढवलं आणि सोडलं. शीड सरसरत आलं आणि दोऱ्यांच्या मध्ये घडी घालून ठेवलेल्या गादीसारखं बसलं. प्योसरांनी तिच्याकडे बघितलं. मिरान म्हणाली, पुन्हा. त्यांनी पुन्हा केलं. ती उठली, कोट काढून हातावर टाकला आणि म्हणाली, “आईला फोन करते. गार वारा असतो, तिला मोजे घालायला सांगते.”

निघायच्या दिवशी सासूबाई नटून आल्या होत्या. डोक्यावर रुंद काठाची टोपी, हातात आकड्याच्या मुठीची लांब छत्री, काखेत स्वेटरचं पुडकं. बंदरातून बाहेर पडेपर्यंत इंजिन लावावं लागलं, तेवढ्यापुरता त्यांनी तिळाच्या तेलात बोट बुडवून नाकाला लावलं. मग शीड चढलं, एकदाही न अडकता, आणि इंजिन बंद झालं. पाण्याचा आवाज तेवढा राहिला. म्हातारीने नाक पुसलं, लांब श्वास घेतला आणि डबा उघडला. कोऱ्या भाताच्या सुरळ्या, तिखट माकूळ आणि मुळ्याची किमची. गिचुल शिरस्त्राण घालून सुकाणूवर होता. बेटं एकामागून एक मागे पडत होती, आणि सासूबाई प्रत्येकाचं नाव घेऊन तिथल्या कुणाचं लग्न कुणाशी मोडलं ते सांगत होत्या. मिरान हसत होती. प्योसरांना या जगात आणखी काही नको होतं.

योकजीचा धक्का दिसायला लागला. धक्क्यावर माणसं जमलेली. म्हातारीचा भाऊ, त्याची सुना-नातवंडं, आणि बोट येणार म्हणून नुसती बघायला आलेली शेजारपाजारची म्हातारी मंडळी. प्योसरांनी इंजिन हळू लावलं, नाक वाऱ्याला धरायला सांगितलं, एकवार दोऱ्यांकडे बघितलं आणि शीड सोडलं. ते खाली आलं. काय आलं म्हणून सांगावं. आवाज नाही, फडफड नाही, घडीवर घडी पडत शेवटचा कोपरासुद्धा दांड्यावर नीट येऊन टेकला. इतकं सुरेख शीड तोंगयंगमध्ये कुणी उतरवलं नसेल. प्योसरांनी वळून पाहिलं.

कुणीच पाहिलं नव्हतं. मिरान आणि सासूबाई उभ्या राहून भावाला हात करत होत्या. सासूबाई रडत होत्या. गिचुल मामाच्या हातातल्या टोपलीकडे बघत होता. धक्क्यावरच्या माणसांना म्हातारीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

प्योसर भला माणूस. पण तंबूपासून ड्रिलपर्यंत सगळं सोसून जे त्यांनी उभं केलं होतं, ते असं पाठीमागे होऊन जावं हे त्यांना सहन झालं नाही. “मिरान, जरा इकडे बघ हं,” असं म्हणून त्यांनी शीड पुन्हा चढवायला घेतलं. नाक कुठे आहे हे बघायचं त्या भरात राहून गेलं. बोट तेवढ्यात तिरकी झाली होती. शीड अर्ध्यावर गेलं, पट्टीचं टोक आळशी दोरीत फसलं आणि अर्ध्या शिडात सपकन वारा भरला.

बोट धक्क्यापासून निघाली. सासूबाईंचा हात भावाकडे तसाच पुढे, आणि भाऊ लांब लांब जाऊ लागलेला. शीड वर जाईना आणि खाली येईना. प्योसर डोलकाठीला लोंबकळत दोरीला हिसडे देत होते. गिचुलने प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे आधी स्वतःची सुरक्षितता पाहिली आणि सुकाणू सोडून खाली बसला. बोटीने धक्क्यासमोर एक मोठं वर्तुळ काढलं आणि दुसरं काढायला घेतलं. म्हातारीने स्वेटरचं पुडकं छातीशी घट्ट धरलं.

तेव्हा मिरान उठली. गिचुलच्या अंगावरून पाय टाकून तिने सुकाणूचा दांडा धरला. “वाऱ्याला नाक,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि दांडा पुरता ढकलून तिने बोट वळवली. नाक वाऱ्यात गेलं. फुगलेलं शीड एकदम मऊ पडलं. तिने आईच्या हातातली छत्री घेऊन नवऱ्याकडे दिली, मुठीकडून. प्योसरांनी छत्रीच्या आकड्याने पट्टीचं टोक दोरीतून सोडवलं. शीड मोकळं झालं आणि सरळ खाली येऊन दोऱ्यांमध्ये बसलं.

धक्क्यावर टाळ्या वाजल्या.

प्योसरांना आधी वाटलं की थट्टा चालली आहे. त्यांचे कान तापले. बोट धक्क्याला लागली, मामाने बहिणीला हात देऊन वर घेतलं, दोघं बराच वेळ एकमेकांचे हात धरून नुसती उभी राहिली. मग मामाने डोळे पुसले आणि जमलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की हे शीड खालीवर करून धक्क्यासमोर फेरी मारायची काय पद्धत म्हणायची? बेटावर इतक्या वर्षांत कुणाची लेक अशी थाटात माहेरी आली नाही.

सासूबाईंनी एकदा जावयाकडे पाहिलं. जावई हातात छत्री उलटी धरून उभा होता, विजार गुडघ्यावर फाटलेली. म्हातारीचं तोंड अजून पांढरं होतं, पण आवाज अगदी स्थिर निघाला.

“सलामी दिली,” ती म्हणाली. “आमच्या जावईबापूंनी मुद्दाम बसवून घेतली होती. रोज सराव करायचे.”

सगळ्या बेटाने प्योसरांकडे आदराने बघितलं. प्योसरांनी मिरानकडे बघितलं. मिरानने पुढे येऊन त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली, सरळ केली आणि म्हणाली, “चला, विजार शिवून देते. गृहशास्त्र मलाही येतं.”

ती रात्र मामाच्या घरी रताळी खाण्यात गेली. मामाने स्वेटर अंगातून काढलाच नाही, घाम आला तरी.

सकाळी निघायच्या वेळी प्योसर धक्क्यावर येतात तो काय, कालच्या दुप्पट माणसं. बातमी पलीकडच्या वाडीपर्यंत गेली होती. सरपंच सुटाबुटात आले होते. सलामी बघायला म्हाताऱ्यांनी घरून बसायला चटया आणल्या होत्या, आणि मामाने सगळ्यात पुढची जागा धरली होती. सासूबाईंचा शब्द पडू द्यायचा नाही हे प्योसरांना समजत होतं. त्यांनी मनाची तयारी केली, मुद्दाम बोट तिरकी धरली आणि शीड चढवलं. ते पार टोकापर्यंत गेलं. कुठेही अडकलं नाही. त्यांनी ते उतरवलं, आणखी तिरकं धरलं, पुन्हा चढवलं. लोण्यातून सुरी जावी तसं शीड गेलं आणि आलं. गिचुलने सुकाणू सोडून बघितलं. बोट जागची हलेना. एवढ्या दिवसांत जे शीड तिरक्या बोटीवर एकदा म्हणून सरळ वागलं नव्हतं, त्याला त्या सकाळी काही केल्या फसता येईना. चटयांवर चुळबुळ सुरू झाली.

शेवटी प्योसरांनी नाद सोडला. शीड चढलेलंच होतं, त्यात वारा धरला आणि बोट शहाण्यासारखी धक्क्यापासून निघाली. थोडं अंतर गेल्यावर मामा चटईवरून उठले आणि तोंडाशी हात धरून ओरडले.

“जावईबापू, कालचं जास्त चांगलं झालं होतं.”

प्योसरांनी कमरेत वाकून नमस्कार केला. वाकताना त्यांना जाणवलं की मिरान हसते आहे, अगदी पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि या खेपेला ते दाबायचा तिने काही प्रयत्न केलेला नाही. मग त्यांनाही हसू आवरेना.

सासूबाई मात्र गंभीर होत्या. मांडीवर रताळ्यांची टोपली घेऊन त्या माहेराकडे तोंड करून बसल्या होत्या.

“आमच्याकडची माणसं अशीच,” त्या अभिमानाने म्हणाल्या. “काही करा, नावं ठेवतीलच.” आणि एक रताळं मोडून त्यांनी मोठा तुकडा जावयापुढे धरला.